दातांच्या शुभ्रीकरणाची परिणामकारकता आणि सुरक्षितता : प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

प्रकल्पाचा आराखडा आज मार्गदर्शक मॅडमनी मान्य केला, मात्र पहिल्याच पानावरचे माझे एक वाक्य त्यांनी खोडले. ‘कोणते उत्पादन दात अधिक पांढरे करते हे तपासणे’ असे मी उद्दिष्ट लिहिले होते. त्याखाली त्यांनी पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले : ‘कधी मोजून?’ मला तेव्हा हा प्रश्न तपशिलातला वाटला. वहीत तो जसाच्या तसा उतरवून ठेवत आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातल्या क्लुस्मायर नावाच्या दंतवैद्याने हिरड्यांची सूज उतरावी म्हणून १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचे जंतुनाशक दातांवर बसणाऱ्या साच्यात घालून रात्रभर लावायला दिले, तेव्हा हिरड्यांबरोबर दातही उजळल्याचे त्याच्या लक्षात आले. पुढे १९८९ मध्ये हेवूड आणि हायमन या दोघांनी ही रात्रीच्या साच्याची पद्धत रीतसर प्रसिद्ध केली आणि घरी करावयाच्या शुभ्रीकरणाचा प्रसार तेथून सुरू झाला. कार्बामाइड पेरॉक्साइड हे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि युरिया यांचे संयुग असून १० टक्के जेलमधून साधारण ३.६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मोकळे होते. दवाखान्यात खुर्चीवर बसवून जे शुभ्रीकरण केले जाते त्यात ३५ टक्क्यांपर्यंतचे हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. ही जवळजवळ दहापट तफावत लक्षात घेतल्याशिवाय ‘ब्लीचिंग सुरक्षित आहे का’ या प्रश्नाला अर्थ राहत नाही.

आमचे गट पाच ठरले : निळ्या दिव्याच्या प्रकाशासह ३५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, दिव्याविना तेच जेल, १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड, लिंबाचा रस, आणि कोळशाची टूथपेस्ट. शेवटचे दोन गट मॅडमच्या आग्रहावरून घेतले. त्यांच्या मते बाह्यरुग्ण विभागात येणारा माणूस आधी हे दोन उपाय करूनच येतो.

१८ जून २०२४

परदेशी शोधनिबंधांत अशा चाचण्यांसाठी सर्रास गाईबैलांचे पटाशीचे दात वापरलेले दिसतात, कारण ते आकाराने मोठे व सपाट असतात आणि कत्तलखान्यातून एकाच वेळी भरपूर मिळतात. महाराष्ट्रात ती वाट बंद आहे. १९७६ च्या प्राणी रक्षण कायद्याने गाईंच्या आणि २०१५ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने बैल व वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. म्हशीच्या दातांचा विचार झाला, परंतु तुलनेसाठी मानवी दातच बरे, असे ठरले. दातांना तारा बसवण्यापूर्वी जागा करण्यासाठी ज्या निरोगी उपदाढा काढाव्या लागतात, त्याच रुग्णांच्या लेखी संमतीने आम्ही घेणार आहोत. नैतिकता समितीची परवानगी दोन्ही टप्प्यांसाठी एकत्रच मागितली होती. पैकी काढलेल्या दातांवरील टप्प्याला मान्यता मिळाली असून रुग्णांवरील टप्प्याबाबत समितीने खुलासे मागवले आहेत.

काढलेले दात ०.१ टक्के थायमॉलच्या द्रावणात ठेवले जातात, म्हणजे जंतू वाढत नाहीत आणि दात ओला राहतो. ओला राहणे हे येथे सर्वांत महत्त्वाचे. एका बरणीचे झाकण सैल राहून द्रावण उडून गेले होते, तेव्हा त्यातले सहा दात बाद केले.

२ जुलै २०२४

एका माणसाचा दात दुसऱ्यासारखा नसतो, म्हणून प्रत्येक दाताचा गालाकडचा पृष्ठभाग हिऱ्याच्या चकतीने उभा दुभागला आहे. एका अर्ध्यावर उपचार होईल आणि दुसरा अर्धा त्याच दाताचा तुलनेचा तुकडा म्हणून राहील. पाण्याची धार सतत चालू ठेवून कापले तरी काही तुकड्यांत बारीक तडे गेले. भिंगाखाली तडे दिसलेले सर्व तुकडे बाजूला काढले.

त्यानंतर तुकडे सात दिवस चहात ठेवले. प्रयोगशाळेतील मामांनी पहिल्या दिवशी सवयीने दुधाचा चहा करून आणला आणि तो आम्ही पिऊन टाकला, कारण दुधातील केसीन चहातल्या टॅनिनला बांधून ठेवते आणि डाग नीट चढत नाही. कोऱ्या चहात मात्र तुकडे दुसऱ्याच दिवशी पिवळसर तपकिरी झाले.

येथे एक भेद नोंदवून ठेवतो, कारण पुढे सर्व गोंधळ याच भेदातून होतो असे दिसते. चहा, पान, मशेरी, तंबाखू यांचे डाग दाताच्या पृष्ठभागावरील पातळ थरावर बसतात आणि ते घासून, खरवडून किंवा पॉलिश करून निघतात. दाताचा मूळचा पिवळेपणा मात्र एनॅमल या बाहेरील कठीण आवरणाच्या खालच्या डेंटिन या थरातून येतो, वयानुसार डेंटिन जाड आणि एनॅमल पातळ होत जाते तसा तो वाढतो, आणि घासून तो कधीही निघत नाही. पेरॉक्साइडचे रेणू लहान असल्याने एनॅमलमधून आत झिरपतात आणि तेथील रंगीत सेंद्रिय द्रव्यांचे ऑक्सिडीकरण करतात. डाग काढणे आणि दात आतून उजळणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. वेष्टनावर मात्र दोहोंसाठी ‘व्हाइटनिंग’ हा एकच शब्द छापलेला असतो.

१२ जुलै २०२४

जेलमध्ये वेष्टनावर लिहिले आहे तितके पेरॉक्साइड आहे का, हे आधी तपासायला हवे. पोटॅशियम परमँगनेटचे अनुमापन (द्रावण थेंबाथेंबाने घालून रंग बदलेपर्यंत मोजणे) सोपे वाटले म्हणून त्यापासून सुरुवात केली आणि सबंध सकाळ वाया गेली. गुलाबी रंग यायचा, दहा-पंधरा सेकंद टिकायचा आणि विरून जायचा. जेल घट्ट ठेवण्यासाठी घातलेले ग्लिसरीन आणि कार्बोपॉलसारखी द्रव्ये परमँगनेट हळूहळू खात असल्याने अंत्यबिंदू स्थिर होत नव्हता.

दुपारी आयोडीनच्या पद्धतीवर आलो. जेल पाण्यात विरघळवून त्यात सौम्य सल्फ्युरिक आम्ल, पोटॅशियम आयोडाइड आणि अमोनियम मॉलिब्डेटचे थेंब घालावयाचे, दहा मिनिटे अंधारात ठेवावयाचे आणि मोकळे झालेले आयोडीन सोडियम थायोसल्फेटने मोजावयाचे. स्टार्च शेवटी शेवटी घातला की निळा रंग एका थेंबाने जातो आणि संशयाला जागा राहत नाही. ०.१ नॉर्मल थायोसल्फेटचा एक मिलिलिटर म्हणजे ४.७०४ मिलिग्रॅम कार्बामाइड पेरॉक्साइड, या हिशेबाने १० टक्क्यांच्या अर्ध्या ग्रॅम जेलला १०.६ मिलिलिटर लागायला हवेत. शीतकपाटातील नळीला १०.५ लागले. तीच तुकडी, तोच क्रमांक, पण एप्रिलपासून टेबलाच्या खणात राहिलेल्या नळीला ९.४ लागले, म्हणजे तिच्यात जेमतेम ८.८ टक्के उरले होते. आपल्याकडचा उन्हाळा हा या जेलचा शत्रू आहे. घरी न्यावयाच्या नळीबरोबर साठवणुकीची सूचना तोंडी न देता लेखी द्यावी, असे दुसऱ्या टप्प्यासाठी नोंदवून ठेवले.

३५ टक्क्यांचे जेल हाताळताना हातमोज्याला बारीक छिद्र होते हे बोटाचे टोक पांढरे पडून टोचू लागल्यावर कळले. पाण्याखाली धरल्यावर तासाभरात त्वचा पूर्ववत झाली. हिरडीवर हेच झाले तर रुग्णाला ती चांगलीच झोंबेल, म्हणून हिरडीवर राळेचा बांध घातल्याशिवाय हे जेल तोंडात वापरत नाहीत.

१९ जुलै २०२४

आराखड्यात नसलेले एक उत्पादन एका सहकारी मुलीने ऑनलाइन मागवून आणून दिले. त्याला येथे ‘ड’ म्हणतो. वेष्टनावर ठळक अक्षरांत ‘पेरॉक्साइडमुक्त’ असे लिहिले आहे. आयोडीनच्याच पद्धतीने तपासले असता भरपूर आयोडीन मोकळे झाले आणि क्षणभर आम्हाला खोटेपणा पकडल्याचा आनंद झाला. तो फार टिकला नाही. टायटॅनियम सल्फेटचे द्रावण पेरॉक्साइडबरोबर पिवळे होते, ‘ड’बरोबर ते रंगहीनच राहिले. तेव्हा पेरॉक्साइड नाही हा दावा खरा होता.

मग आयोडीन कशाने मोकळे झाले? भिंग घेऊन मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचली तेव्हा सोडियम क्लोराइट आणि सायट्रिक आम्ल ही नावे सापडली. आम्लात सोडियम क्लोराइटपासून क्लोरीन डायऑक्साइड तयार होतो, तोही ऑक्सिडीकरण करतो आणि आयोडाइडमधून आयोडीनही मोकळे करतो. जेलचा पीएच आम्लधर्मी भरला. पीएच ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधील खनिज विरघळू लागते, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. एकाच वेष्टनात खरा दावा आणि दिशाभूल दोन्ही असू शकतात. आमची आयोडीनची पद्धतही ‘ऑक्सिडीकारक किती’ एवढेच सांगते, ‘कोणता’ हे सांगत नाही, हे पद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिहावे लागेल.

युरोपीय संघात २०१२ पासून लागू असलेल्या नियमानुसार ०.१ टक्क्यापर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेले उत्पादन कोणालाही विकता येते, त्यावर ६ टक्क्यांपर्यंतचे केवळ दंतवैद्याला विकले जाते, पहिला वापर त्याच्या देखरेखीखाली व्हावा लागतो आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीसाठी ते वापरता येत नाही. ही मर्यादा पेरॉक्साइडला आहे. त्यामुळे ‘पेरॉक्साइडमुक्त’ हा शब्द विक्रीसाठी इतका सोयीचा का ठरतो, हे समजायला फार विचार करावा लागत नाही.

२६ जुलै २०२४

काल पुण्यात झालेल्या मुसळधार पावसात वीज गेली आणि ३७ अंशांवर चालणारे ऊबयंत्र रात्रभर बंद राहिले. तुकडे कृत्रिम लाळेतच होते, त्यामुळे नुकसान झालेले नाही, पण १० टक्क्यांच्या गटाचा सातवा दिवस कमी तापमानात गेला. तो दिवस गाळून पुन्हा करायचा की तसाच ठेवायचा, यावर चर्चा झाली. तो गाळून एक दिवस वाढवला आहे.

६ ऑगस्ट २०२४

आजची नोंद सविस्तर करणे भाग आहे.

दिव्याच्या गटाचे काम आज झाले. ३५ टक्के जेल, निळा एलईडी दिवा, पंधरा मिनिटांच्या तीन फेऱ्या. त्याच दातांच्या दुसऱ्या अर्ध्या तुकड्यांवर पेरॉक्साइडविरहित ग्लिसरीनचे जेल लावून त्यांनाही दिव्याखाली तेवढाच वेळ ठेवले होते. रंग मोजण्यासाठी वर्णपटमापक वापरत आहोत. त्याचे टोक दर वेळी त्याच जागी टेकावे म्हणून सिलिकॉनचा छिद्र असलेला साचा केला आहे. यंत्र तीन आकडे देते : ‘एल’ म्हणजे उजळपणा, ‘ए’ म्हणजे हिरव्यापासून तांबड्यापर्यंतचा कल आणि ‘बी’ म्हणजे निळ्यापासून पिवळ्यापर्यंतचा कल. दातांसाठी २०१६ मध्ये मांडलेला शुभ्रता निर्देशांक यांवरूनच काढतात : एलला ०.५११ ने गुणावे, त्यातून एची २.३२४ पट आणि बीची १.१०० पट वजा करावी. २००० सालच्या सूत्राने काढलेला दोन रंगांतील फरक ०.८ झाला की निम्म्या लोकांच्या डोळ्यांना तो जाणवतो आणि १.८ च्या पलीकडे निम्म्या लोकांना तो खटकतो, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले आहे.

उपचाराचे तुकडे उजळले, ते अपेक्षितच होते. परंतु ज्यांना औषधाचा स्पर्शही झालेला नाही ते तुलनेचे तुकडेही उजळले. एका तुकड्याचा ‘एल’ ७४ वरून ७९ वर गेला. यंत्र बिघडले असे समजून पांढऱ्या फरशीवर त्याचे मापांकन केले, पुन्हा मोजले, तेच. मामांनी तुकडे लांबून पाहिले आणि ‘दोन्ही सारखेच गोरे झालेत की,’ असे सांगून ते निघून गेले.

मॅडमना दाखवले. त्यांनी तुलनेचा तुकडा उचलून कृत्रिम लाळेत टाकला आणि परवा मोजा, एवढेच सांगितले.

त्याच वेळी दाताच्या आतील पोकळीत औष्णिक जोडाची तार बसवून तापमानही घेतले. १९६५ मध्ये झॅक आणि कोहेन यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगात दाताच्या आतील तापमान सुमारे ५.५ अंशांनी वाढल्यावर सुमारे १५ टक्के दातांतील मज्जा (आतील नसा व रक्तवाहिन्यांचा मऊ भाग) मृत झाली होती, तोच आकडा आजही मर्यादा म्हणून वापरतात. आमच्या दिव्याने नेहमीच्या अंतरावर ती मर्यादा ओलांडली नाही, पण दिवा अगदी जवळ आणल्यावर वाढ ४ अंशांच्या पुढे गेली. जिवंत दातात रक्तप्रवाह थोडी उष्णता वाहून नेतो हे खरे, तरी दिव्याचे टोक दाताला टेकवून धरण्याची जी सवय दिसते ती धोक्याची आहे.

९ ऑगस्ट २०२४

तुलनेच्या त्याच तुकड्याचा ‘एल’ चोवीस तासांनी ७५ झाला होता, आज बहात्तर तासांनी तो ७४ आहे. म्हणजे दिव्याखाली तो पांढरा झालाच नव्हता, तो केवळ वाळला होता.

कारण प्रकाशशास्त्राचे आहे. एनॅमलच्या स्फटिकदांड्यांच्या मधल्या बारीक फटी पाण्याने भरलेल्या असतात. एनॅमलचा अपवर्तनांक सुमारे १.६२, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १.०० असतो. फटींतले पाणी उडून तेथे हवा शिरली की दोहोंतील फरक वाढतो, प्रकाश आत न जाता पृष्ठभागाजवळच विखुरतो आणि खालचे पिवळे डेंटिन दिसेनासे होते. ओल्या वाळूपेक्षा कोरडी वाळू पांढरी दिसते, त्याचेही कारण हेच.

आता दवाखान्यात काय घडते त्याचा विचार केला. ओठ ओढून धरले, दात कापसाने आणि हवेने कोरडे केले, पाऊण तास दिव्याखाली ठेवले आणि लगेच हातात आरसा दिला. त्या आरशात रुग्णाला औषधाचा परिणाम आणि कोरडेपणा यांची बेरीज दिसते, आणि पैसे तो त्या बेरजेचे देतो. दोन-तीन दिवसांत कोरडेपणाचा वाटा ओसरला की ‘रंग परत आला’ अशी तक्रार घेऊन येतो, आणि त्याचे चुकत नाही. पेरॉक्साइड लावलेल्या तुकड्यांची आजची मोजणी पाहता त्यांचा बराचसा उजळपणा टिकला आहे, म्हणजे औषध खरोखर काम करते. दिव्यासह आणि दिव्याविना या दोन गटांतील तफावत मात्र परवा स्पष्ट दिसत होती, आज ती शोधावी लागते. दिव्याने कायमचा अधिक लाभ होत नाही असे बहुतेक क्लिनिकल अभ्यास सांगतात, ते का, हे माझ्यापुरते आज स्पष्ट झाले.

१० जूनच्या पानावरील ‘कधी मोजून?’ या शब्दांखाली आज मी रेघ ओढली. यापुढे सर्व गटांची निर्णायक मोजणी उपचार संपल्यावर चौदा दिवसांनी होईल.

२१ ऑगस्ट २०२४

लिंबाचा गट. पीएचमापकाचे ४, ७ आणि ९.२ च्या द्रावणांत मापांकन करून ताज्या रसाचा पीएच घेतला, तो २.३ भरला. दिवसातून एकदा पाच मिनिटे रस चोळून लगेच धुवावयाचे, असे सात दिवस केले.

‘एल’ वाढला. तुकडे चौदा दिवस कृत्रिम लाळेत ठेवून मोजले तरी तो वाढलेलाच राहील, अशी शंका आहे, कारण ही चकाकी जाऊन आलेली खडूसारखी पांढरट छटा आहे. दात भरताना दंतवैद्य ३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल लावून एनॅमल जसे मुद्दाम खरखरीत करतात, तसेच लिंबाने केले आहे. खनिज विरघळून नव्या फटी तयार झाल्या आणि प्रकाश पुन्हा विखुरू लागला. यंत्राला हे कळत नाही. निर्देशांकाच्या तक्त्यात लिंबाचा रस १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडच्या शेजारी मानाने बसला आहे, आणि केवळ तेवढा तक्ता छापला तर वाचक उद्यापासून लिंबू चोळू लागेल.

आंबट खाल्ल्यावर ‘दात आंबले’ असे आपण सहज म्हणतो. त्या आंबण्याची सूक्ष्मदर्शकातून दिसणारी बाजू आज प्रथमच पाहिली.

४ सप्टेंबर २०२४

कोळशाची टूथपेस्ट. घासणीयंत्रावर २०० ग्रॅम भाराखाली १०,००० फेऱ्या दिल्या. साधारण वर्षभराचे घासणे म्हणून हा आकडा धरण्याची प्रथा आहे. चहाचा वरचा थर निघाला, आतील पिवळेपणा जागच्या जागी राहिला. तडे असलेला एक तुकडा बाद करूनही चुकून यंत्रावर गेला होता. त्याच्या तड्यात काळी रेघ कायमची बसली. ज्यांच्या दातांत जुनी फिलिंग आहेत त्यांच्या कडांवर हेच होईल. अमेरिकन दंतवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात २०१७ मध्ये आलेल्या आढाव्यानेही कोळशाच्या उत्पादनांचे दावे मान्य करण्याइतका पुरावा नसल्याचे म्हटले आहे. आमच्या आजीच्या काळची राखुंडी नव्या नळीत शिरून दहापट किमतीला परत आली आहे, यापलीकडे या गटाविषयी लिहिण्यासारखे काही नाही. गणपतीसाठी शनिवारपासून प्रयोगशाळा बंद.

२० सप्टेंबर २०२४

कडकपणाची मोजणी पूर्ण झाली. व्हिकर्स पद्धतीत हिऱ्याचे चौकोनी टोक १०० ग्रॅम भाराने पंधरा सेकंद दाबतात आणि उमटलेल्या खुणेचा कर्ण मोजतात. ३०० च्या आसपास कडकपणा असलेल्या एनॅमलवर ही खूण जेमतेम २५ मायक्रोमीटरची असते, त्यामुळे पृष्ठभाग जरा कलता राहिला तरी खूण वेडीवाकडी येते आणि ती मोजणी टाकून द्यावी लागते. दाताच्या शुभ्रीकरणाच्या उत्पादनांसाठीचे आयएसओ २८३९९ हे आंतरराष्ट्रीय मानक कडकपणात १० टक्क्यांपेक्षा अधिक घट मान्य करत नाही.

१० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचा गट या मर्यादेत सहज बसला. ३५ टक्क्यांच्या दोन्ही गटांत उपचारानंतर लगेच थोडी घट दिसली आणि कृत्रिम लाळेत राहिल्यावर ती बरीचशी भरून आली. त्या जेलचा पीएच उदासीन होता, ही गोष्ट येथे निर्णायक असावी. आम्लधर्मी जेल घेतले असते तर चित्र वेगळे दिसले असते, म्हणून हा निष्कर्ष ‘३५ टक्के सुरक्षित’ असा न लिहिता ‘उदासीन पीएचचे हे जेल’ इतकाच लिहायचा आहे. लिंबाच्या गटातील खुणा इतक्या पसरट होत्या की काहींचा कर्णच वाचता आला नाही. निर्देशांकाच्या तक्त्याशेजारी हा स्तंभ ठेवल्यावर लिंबाचा मान उतरला. प्रबंधात हे दोन तक्ते वेगळ्या पानांवर छापायचे नाहीत, असे ठरवले आहे.

१४ ऑक्टोबर २०२४

काढलेला दात तक्रार करत नाही. पेरॉक्साइड काही मिनिटांतच एनॅमल आणि डेंटिन ओलांडून मज्जेपर्यंत पोचते हे प्रयोगशाळेत दाखवता येते, पण ते पोचल्यावर माणसाला काय वाटते हे माणसालाच विचारावे लागते. घरच्या शुभ्रीकरणावरील ७१ चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा २०१८ चा आढावाही परिणाम दिसतो, दातांची संवेदनशीलता आणि हिरडीचा दाह हे सर्वाधिक आढळणारे त्रास आहेत, मात्र पुरावा कमी खात्रीचा व अल्पकाळाचा आहे, असेच सांगतो.

नैतिकता समितीचा मुख्य आक्षेप आमच्या मराठी प्रश्नावलीवर होता, आणि तो रास्त होता. ‘आपणास दंत-अतिसंवेदनशीलता जाणवली का?’ असे मी लिहिले होते. समितीतील एका ज्येष्ठ सदस्यबाईंनी विचारले की हे वाक्य तुमच्या आईला समजेल का. बाह्यरुग्ण विभागात दोन दिवस बसून लोक काय बोलतात ते ऐकले. गार पाण्याने दात ‘शिवशिवतात’, आंबटाने ‘आंबतात’, आत ‘कळ जाते’ आणि रात्री ‘ठणकतो’. हे चार शब्द एकमेकांच्या जागी कोणी वापरत नाही. शिवशिवणे आणि कळ ही शुभ्रीकरणात अपेक्षित असलेली, थोड्या दिवसांत जाणारी तक्रार आहे. ठणका असेल तर मज्जेला सूज आल्याची शंका घेऊन उपचार थांबवावेत. पाठ्यपुस्तकातील एकाच शब्दात मी हे सारे कोंबले होते. नव्या प्रश्नावलीत चारही शब्द वेगळे विचारले असून प्रत्येकापुढे शून्य ते दहा अशी पट्टी आहे.

माहितीपत्रकात आणखी तीन गोष्टी वाढवल्या : फिलिंग, कॅप आणि कवळीचे दात यांचा रंग बदलत नाही, शुभ्रीकरणानंतर दोन आठवडे दात भरून घेऊ नये, कारण दातात अडकलेला ऑक्सिजन भरण्याच्या राळेला नीट चिकटू देत नाही, आणि गरोदर व स्तनपान करणाऱ्या स्त्रियांना या अभ्यासात घेतलेले नाही.

२५ नोव्हेंबर २०२४

समितीची परवानगी मिळाली आणि भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदणीत अभ्यासाची नोंदही झाली. पहिला सहभागी घेण्यापूर्वी ती होणे आवश्यक होते. चौदा रात्री साच्यातून जेल लावायचे आहे. निम्म्यांना १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड आणि निम्म्यांना तसेच दिसणारे पेरॉक्साइडविरहित जेल मिळेल. कोणाला काय मिळाले हे बंद पाकिटात असून मोजणाऱ्याला, म्हणजे मला, ते कळणार नाही. नळ्या शीतकपाटातून थेट सहभागीच्या हाती जातील आणि साठवणुकीची चिठ्ठी सोबत असेल.

वगळण्याच्या यादीवर बराच वेळ गेला. मशेरी लावणाऱ्या दोन मावशींनी उत्साहाने नाव दिले होते. त्यांचे डाग आधी स्वच्छता करून काढले तर तेवढ्यानेच त्यांचा रंग बदलेल, म्हणून सर्वांचीच स्वच्छता काही दिवस आधी करून मगच आरंभीची मोजणी घ्यावी, असे ठरले. यवतमाळकडून आलेल्या एका तरुणाच्या दातांवर पाण्यातील जादा फ्लोराइडमुळे आलेले तपकिरी पट्टे आहेत. त्याचे उपचार वेगळे असल्याने त्याला अभ्यासात न घेता विभागात पाठवले. रूट कॅनाल झालेला आणि आतून काळवंडलेला पुढचा दात असलेल्यांनाही वगळले आहे. अशा दातात आतून तीव्र पेरॉक्साइड भरण्याच्या पद्धतीत मुळाची मान झिजण्याचा धोका असल्याचे हॅरिंग्टन आणि नॅटकिन यांनी १९७९ मध्येच दाखवले होते, आणि तो स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे.

१६ डिसेंबर २०२४

रंगपट्टीने मोजणीचा सराव आज संपला. व्हिटा पट्टीवरील सोळा छटा उजळपणाच्या क्रमाने लावल्या की बी-१ पहिली आणि सी-४ शेवटची येते. मोजणी सकाळी उत्तरेच्या खिडकीपाशी होते, लिपस्टिक पुसलेली असते आणि साडीचा वा शर्टाचा रंग दातावर उमटू नये म्हणून छातीवर करडा रुमाल टाकतो. एका गर्द केशरी ओढणीने माझी छटा दोन पायऱ्यांनी चुकवली होती, त्यानंतर रुमाल सक्तीचा केला. पट्टी पाहताना पाच-सात सेकंदांत निर्णय घ्यावा लागतो, अधिक वेळ टक लावली की डोळा थकतो आणि सर्वच छटा सारख्या दिसू लागतात.

पहिल्या सहभागीच्या चौदा रात्री आज पूर्ण झाल्या. साचा आणि उरलेल्या नळ्या परत घेतल्या, वजन करून वापर नोंदवला. प्रश्नावलीत ‘शिवशिवणे’ समोर तिसऱ्या ते सहाव्या रात्री ३ असा आकडा आहे, ‘ठणका’ सर्व रात्री शून्य. तिने आरसा मागितला, तो दिला. पट्टी आजच लावून किती छटा उतरल्या ते सांगा, घरी पैज लागली आहे, असेही ती म्हणाली. साचा काढून तासही झालेला नव्हता आणि दात नुकतेच हवेने कोरडे केले होते. पट्टी खणातच ठेवली आणि तिच्या कार्डावर ३० डिसेंबर, सकाळी दहा, अशी वेळ लिहून दिली.